डिस्प्लेचा कारभार आणि त्याचे दप्तर : प्रस्तावना

यंत्र विकायचे तर त्याच्यासोबत त्याची माहितीही गिऱ्हाइकाच्या गळी उतरवावी लागते, ही गोष्ट पलूस तालुक्याला कोणी नव्याने शिकवावी अशी नाही. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ दिलेल्या, निवडुंगाने व्यापलेल्या ज्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली आपल्या कारखान्याचे बिऱ्हाड आणले, त्याच माळावरून दहा वर्षांनी, १९२० साली, शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. आणि पुढे ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ व ‘मनोहर’ या मासिकांनी महाराष्ट्राच्या वाङ्मयीन व सामाजिक जीवनात जे स्थान मिळवले त्याच्या प्रकाशात एक साधी बाब काहीशी दिसेनाशी झाली, ती ही की या साऱ्या वाङ्मयव्यवहाराचे मूळ एका कारखान्याने आपल्या मालाविषयी व कामाविषयी लोकांशी सविस्तर बोलावे, या निखळ व्यावहारिक गरजेत होते. ती गरज काल्पनिक नव्हती. १९०३ साली लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते ही समजूत शेतकऱ्यांत इतकी दृढ होती, की पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. नांगराच्या फाळात दोष नव्हता. दोष होता तो फाळ आणि शेतकरी यांच्यामधल्या रिकाम्या जागेत, आणि ती जागा भरण्याचे काम ओतशाळेचे नसून लेखणीचे होते.

ही आठवण काढण्याचे प्रयोजन असे, की प्रस्तुत पुस्तिका त्याच तालुक्यात, त्याच प्रकारच्या गरजेतून, परंतु सर्वस्वी निराळ्या यंत्राविषयी लिहिली गेली आहे. घराच्या भिंतीवर किंवा सोप्यातल्या फडताळावर ठेवलेला स्मार्ट डिस्प्ले. त्याला जोडलेले दिवे, कॅमेरे, विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर, बागेतले हवामानयंत्र. आणि या सर्वांचा कारभार मालकाच्या बोलण्यावरून पाहणारा, कृत्रिम प्रज्ञेवर चालणारा एजंट, अशी ही योजना आहे. एजंट स्वतः डिस्प्लेला हात लावू शकत नाही. अमुक पान दाखव, अमुक कॅमेरा उघड, उजेड कमी कर, हा मजकूर मोठ्याने वाच, अशी एकेक क्रिया करून देणारी लहान लहान सॉफ्टवेअर साधने, ज्यांना या व्यवसायातली माणसे ‘टूल’ म्हणतात, ती त्याच्या हाताशी द्यावी लागतात. या टूलांचे लेखन कसे करावे, हा या पुस्तिकेचा विषय.

वाचकांपैकी पुष्कळांना या घडामोडीचा पूर्वेतिहास ठाऊक असेल. म्हणून तो येथे थोडक्यात आटोपतो. तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत नजर ठेवता यावी म्हणून अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी १९९९ साली एमक्यूटीटी हा संदेशवहनाचा हलका प्रोटोकॉल रचला, तोच आज असंख्य घरांतील उपकरणे एकमेकांशी बोलण्यासाठी वापरतात. पाउलुस स्खाउटसेन या डच तरुणाने २०१३ साली सुरू केलेले ‘होम असिस्टंट’ हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे एका छपराखाली आणते. गुगल असिस्टंट २०१८ मध्ये मराठी बोलू लागला. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ खुला केला आणि कोणत्याही एजंटाने कोणत्याही टूलाशी कोणत्या रीतीने व्यवहार करावा याला एक सामाईक शिस्त लाभली. फेब्रुवारी २०२५ मध्ये होम असिस्टंटनेही तिचा अंगीकार केला. या प्रोटोकॉलनुसार प्रत्येक टूलाला एक नाव असते, त्याला कोणती माहिती पुरवावी लागेल याचा आराखडा असतो, आणि साध्या भाषेत लिहिलेले एक वर्णन असते.

हे वर्णन हाच सर्व विषयाचा गाभा आहे. नांगराची माहितीपत्रिका वाचली नाही म्हणून नांगर चालायचा थांबत नसे; इंजिनाबरोबर आलेले पुस्तक कपाटात धूळ खात पडले, तरी इंजिन आपले काम करीतच असे. येथे तसे नाही. मालकाने ‘गोठा दाखव’ म्हटल्यावर समोरच्या दहा-वीस टूलांपैकी कोणते उचलावे हे एजंट त्या वर्णनांचा मजकूर वाचूनच ठरवतो. यंत्राच्या अंतरंगातील आज्ञावली त्याला दिसत नाही. वर्णन संदिग्ध असेल तर क्रिया संदिग्ध होते, वर्णन खोटे असेल तर क्रिया चुकते, आणि वर्णनात एखादी अट लिहायची राहून गेली, तर एजंटाच्या दृष्टीने ती अट अस्तित्वातच नसते. म्हणजे ज्याला आजवर आपण यंत्राविषयीचे लेखन म्हणत आलो, ते आता यंत्राचाच एक चालता भाग झाले आहे, आणि लेखकाच्या हातून पडलेल्या एखाद्या स्वल्पविरामालाही अंमलबजावणीचे सामर्थ्य प्राप्त झाले आहे. मराठी गद्यलेखकाला एवढा अधिकार यापूर्वी बहुधा फक्त दप्तरखान्यातच मिळाला असेल.

दप्तरखान्याचा उल्लेख मी सहज केलेला नाही. आमच्या सांगली जिल्ह्यातील विटा-खानापूरकडची आणि आसपासच्या तालुक्यांतली हजारो कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाई व्यवसायानिमित्त देशभर पांगलेली आहेत. गावाकडची जमीन, घर, बँकेचे व्यवहार पाहण्यासाठी भावाला किंवा पुतण्याला मुखत्यारपत्र करून देण्याची वहिवाट या घरांना परिचित आहे. कुलमुखत्यारपत्र आणि खास मुखत्यारपत्र यांतला भेद ज्या माणसाने एकदा दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बसून समजावून घेतला, त्याला या पुस्तिकेतला निम्मा विषय समजल्यासारखाच आहे. खास मुखत्यारपत्रात अमुक गट नंबरची जमीन, अमुक व्यवहार, अमुक मुदत, असा तपशील बांधून दिलेला असतो. कुलमुखत्यारपत्रात मुखत्याराच्या सद्बुद्धीवर भिस्त. एजंटाच्या हाती दिलेली टूलांची यादी हे मालकाने त्याला लिहून दिलेले मुखत्यारपत्रच होय, आणि ‘घरातील कोणतेही उपकरण नियंत्रित करते’ अशा एका ओळीच्या वर्णनाचे टूल म्हणजे अनोळखी इसमाला कोऱ्या कागदावर सही करून दिलेले कुलमुखत्यारपत्र. या पुस्तिकेच्या संकलकांनी आपल्या पहिल्या दोन प्रकरणांत एकेका क्रियेसाठी एकेक टूल वेगळे ठेवण्याचा आणि प्रत्येकाच्या वर्णनात ‘हे टूल काय करीत नाही’ हेही लिहिण्याचा जो आग्रह धरला आहे, तो काही वाचकांस अतिरेकी वाटेल. मला तो पुरेसा वाटत नाही. होम असिस्टंटमध्ये कोणती उपकरणे सहायकापुढे उघडी करावी याची निवड मालकाला करता येते, ही सोय असूनही पुष्कळ घरांत सारेच खुले ठेवलेले असते, आणि त्याचे कारण आळसापेक्षा निवड कशी करावी हे कोणी धड लिहून दिलेले नसते, हेच अधिक आहे.

आता डिस्प्लेविषयी. दिवा लागतो किंवा लागत नाही. त्याच्याविषयी कोणाची फसगत होत नाही. डिस्प्ले मात्र बोलतो, आणि त्यावर उमटलेल्या अक्षराला घरातली माणसे साक्षीचे मोल देतात. म्हणून डिस्प्लेच्या टूलाचे लेखन करणाऱ्याने केवळ ‘काय घडेल’ एवढे सांगून भागत नाही, ‘जे दिसेल त्यावर किती विश्वास ठेवावा’ हेही सांगावे लागते. याचे महत्त्व कृष्णाकाठच्या माणसास उदाहरणाने पटवण्याची गरज नाही, तरीही एक उदाहरण विस्ताराने देतो, कारण या पुस्तिकेतील सर्वांत सकस प्रकरण त्यावरच उभे आहे.

पावसाळ्यात भिलवडी, अंकलखोप, औदुंबर, ब्रह्मनाळ, बुर्ली या गावांतल्या प्रत्येक घरी दोन आकडे दिवसातून अनेकदा विचारले जातात : कोयना धरणातून किती क्युसेक विसर्ग चालू आहे, आणि सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे. चाळीस फूट ही इशारा पातळी आणि पंचेचाळीस फूट ही धोक्याची, हे येथील पोरांनाही तोंडपाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हे पाणी सत्तावन्न फुटांच्या घरात गेले, आणि ८ ऑगस्ट रोजी ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली नाव उलटून माणसे बुडाली, तेव्हापासून या आकड्यांना येथे बातमीपेक्षा अधिक गांभीर्य आले आहे. अशा घरातील डिस्प्लेसाठी कोणा हौशी तरुणाने ‘पाण्याची पातळी दाखवते’ एवढ्याच वर्णनाचे टूल लिहिले असे समजू. कोणत्या ठिकाणची पातळी? भिलवडी सांगलीच्या वरच्या अंगाला आहे. आयर्विन पुलावरचा आकडा हा भिलवडीच्या घाटाचा आकडा नव्हे, आणि पाणी आधी भिलवडीत चढते. कोणत्या मापात? पुलावरचे मोजमाप फुटांत बोलले जाते, तर केंद्रीय जल आयोगाच्या नोंदी मीटरमध्ये, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीने दिल्या जातात; एजंटाने दोन उगमांतील आकडे एका पंक्तीस बसवले, तर नदी क्षणात उतरली किंवा क्षणात आभाळाला टेकली असे दिसेल. आणि कोणत्या वेळेची? येथे वर उल्लेखिलेल्या एमक्यूटीटीचा एक गुण अवगुण होऊन पुढे येतो. एखादा संदेश ‘राखून ठेव’ अशी खूण करून पाठवला, तर त्या विषयाचे संदेश मागणाऱ्या, नव्याने जोडल्या गेलेल्या प्रत्येक उपकरणाला तो लगेच मिळतो. वीज जाऊन परत आल्यावर डिस्प्ले पुन्हा सुरू झाला, की तोच शेवटचा संदेश त्याला प्रथम पोचतो, आणि पाठवणाऱ्याने मजकुरातच वेळ लिहिली नसेल, तर तो काल रात्रीचा आहे की आत्ताचा, हे त्या संदेशावरून कळण्याची तरतूद नसते. मुसळधार पावसात वीज जाणे ही कृष्णाकाठी अपवादाची गोष्ट नव्हे. ज्या क्षणी आकड्याची गरज सर्वाधिक, त्याच क्षणी तो शिळा असण्याचा संभव सर्वाधिक.

यावर संकलकांनी दिलेला नमुना मला फार समर्पक वाटला. त्यांच्या टूलाच्या वर्णनात स्थळ, माप, नोंदीची वेळ आणि नोंद किती काळ ग्राह्य मानावी, ही चारही कलमे आहेत, आणि त्यापुढे एक स्पष्ट वाक्य आहे की नोंद जुनी झाली असल्यास आकडा दाखवू नये, ‘नोंद जुनी आहे’ असे दाखवावे. तसेच या टूलाच्या आधारे घर सोडावे की न सोडावे असा सल्ला देऊ नये, प्रशासनाच्या सूचनेकडे बोट दाखवावे. हे शेवटचे वाक्य यंत्राच्या दृष्टीने एक सूचना आहे. माणसाच्या दृष्टीने ती लेखकाची सदसद्बुद्धी आहे.

याच जातीचा, पण कमी भयावह प्रश्न द्राक्षबागायतदारांचा. फळछाटणीनंतर अवकाळी पाऊस आला, की डाऊनी रोगाच्या भीतीने फवारणीचा निर्णय तासांच्या हिशेबाने घ्यावा लागतो. बागेतले यंत्र पानांचा ओलावा आणि पडून गेलेला पाऊस मोजते. ते भविष्य सांगत नाही. ‘बागेचे हवामान दाखवते’ असे ढोबळ वर्णन लिहिले, तर ‘उद्या फवारू का?’ या प्रश्नाला एजंट कालच्या मोजमापातून उद्याचे उत्तर घडवील, आणि ते इतक्या ठाम भाषेत डिस्प्लेवर झळकेल की औषधाचा खर्च झाल्यावरच संशय यावा.

क्रियेच्या पुनरुक्तीविषयीचे प्रकरण कोरडे आहे. ते कोरडेच असावयास हवे. टूलाला आज्ञा गेली आणि नेटवर्क तुटल्याने पोच आली नाही, तर एजंट बहुधा तीच आज्ञा पुन्हा देतो. ‘मोटार चालू कर’ हे दोनदा म्हटल्याने बिघडत नाही. ‘मोटार आहे त्याच्या उलट कर’ हे दोनदा म्हटले तर मोटार चालू होऊन बंद पडते, आणि डिस्प्ले मात्र काम झाल्याचे सांगतो. कृषिपंपांची वीज पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी मध्यरात्री येते, आणि माणूस झोपेत असताना हा गोंधळ उघडकीस येत नाही. सकाळी उसाची सरी कोरडी दिसते तेव्हा येतो. ‘पुढचे पान दाखव’ आणि ‘कॅमेऱ्याचे पान दाखव’ यांतही हाच भेद आहे. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीत टूल केवळ वाचणारे आहे की बदल घडवणारे, आणि त्याची पुनरुक्ती निरुपद्रवी आहे की नाही, हे नोंदवण्याच्या खुणा आल्या. पण त्याच दस्तऐवजात असेही बजावले आहे की टूल पुरवणाऱ्या ज्या सर्व्हरविषयी खात्री नाही, त्याने लावलेल्या खुणांवर भरवसा ठेवू नये. खूण लावणे हा पुरावा होत नाही.

विश्वासाचा प्रश्न आणखी एका दिशेने येतो, आणि त्याची जाणीव आपल्याकडे अद्याप फार थोड्यांना आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये इस्रायलमधील संशोधकांनी असे दाखवून दिले, की कॅलेंडरच्या एखाद्या निमंत्रणात दडवून ठेवलेला मजकूर गुगलच्या जेमिनी या सहायकाने मालकासाठी वाचला, की तो मजकूर मालकाचीच आज्ञा असल्यासारखा वागून घरातील दिवे विझवू शकतो, खिडक्यांच्या झडपा उघडू शकतो, बॉयलर चालू करू शकतो. बाहेरून आलेल्या कागदातील मजकूर हा वाचण्याचा विषय आहे, अंमलात आणण्याचा नव्हे, हे कोणत्याही कसलेल्या कारकुनास सांगावे लागत नाही; एजंटास ते सांगावे लागते, आणि सांगूनही तो दर वेळी ऐकेल याची हमी नसते. म्हणून ज्या टूलाने मोटार, गॅस, दरवाजा यांसारख्या गोष्टींस हात लागतो, तेथे वर्णनातील समज पुरेशी न मानता माणसाची प्रत्यक्ष संमती घेणारे कुलूप यंत्रातच घालावे, असे संकलकांनी म्हटले आहे. लेखनाच्या सामर्थ्याविषयी लिहिलेल्या पुस्तिकेत लेखनाची मर्यादा इतक्या प्रामाणिकपणे मांडली जावी, याचे मला विशेष वाटते.

आता भाषेविषयी चार शब्द. टूलांची वर्णने इंग्रजीत असावीत की मराठीत, या वादात मी मराठीचा अभिमानी असूनही मराठीचा पक्ष सरसकट घेणार नाही. देवनागरी मजकुराचे तुकडे पाडताना बहुतेक भाषा-मॉडेलांना इंग्रजीपेक्षा अधिक तुकडे करावे लागतात, त्यामुळे तेवढाच आशय महाग पडतो; शिवाय ही वर्णने निरनिराळ्या देशांतील लोक तपासतात. ती इंग्रजीत राहिली म्हणून आकाश कोसळत नाही. परंतु उपकरणांची नावे मात्र त्या घराचीच असली पाहिजेत. ‘पंप क्रमांक दोन’ असे कोणी बोलत नाही; ‘ओढ्याकडची मोटार’ असे बोलतात, आणि थोरल्या वहिनी व धाकटे काका यांच्या तोंडी त्याच मोटारीची दोन नावे असतात. होम असिस्टंटमध्ये एका उपकरणास अनेक उपनावे देता येतात. ती गोळा करण्याचे काम संगणकासमोर बसून होत नाही, त्यासाठी स्वयंपाकघरात आणि गोठ्यात जाऊन विचारावे लागते. आणि एजंट चुकला तर काय करावे, कोणते बटण दाबावे, कोणाला फोन करावा, हे सांगणारा घरच्या माणसांसाठीचा भाग शुद्ध, सरळ मराठीतच हवा. महागड्या उपकरणांबरोबर येणारी मराठी माहितीपत्रके मी पाहिली आहेत. त्यांतील वाक्ये व्याकरणाने बरोबर असतात आणि कोणालाही उद्देशून नसतात.

याच ओघात आणखी एक. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार होण्यासाठी मुंबईस जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले होते. काही रंगांतला भेद त्यांच्या डोळ्यांना उमगत नाही असे ध्यानात आल्यामुळे त्यांनी रंग सोडून यांत्रिक आरेखनाकडे मोहरा वळवला, आणि पुढचा सारा इतिहास घडला. आजच्या बहुतेक डिस्प्लेंवर मोटार चालू असल्याचे चिन्ह हिरवे आणि बंद असल्याचे लाल, एवढाच भेद असतो. लक्ष्मणरावांसारख्या माणसाला त्यावरून काहीच उमगेल अशी शाश्वती नाही. पुस्तिकेच्या हस्तलिखितात हा मुद्दा नव्हता. माझ्या सूचनेवरून संकलकांनी रंगाबरोबर अक्षरही दाखवावे असा परिच्छेद घातला, त्याबद्दल त्यांचे आभार.

काही उणिवा राहिल्या आहेत. बाजारातील डिस्प्लेंची तुलना येथे नाही, आणि किमतीही नाहीत. त्या वर्षभरात बदलतात, हे संकलकांचे उत्तर मला मान्य आहे. कॅमेऱ्याचे चित्र सोप्यातल्या डिस्प्लेवर दाखवताना पाव्हण्यारावळ्यांच्या, विशेषतः घरातील स्त्रियांच्या एकांताचा विचार कसा करावा, हे प्रकरण मात्र त्रोटक झाले आहे, आणि पुढील आवृत्तीत ते तिप्पट व्हावे असे मी आग्रहाने सुचवतो; तेव्हा ते लिहिण्यासाठी घरातील स्त्रियांनाच बसवावे हेही.

ज्यांना सॉफ्टवेअरचा सराव नाही त्यांनी पहिली तीन प्रकरणे वगळून पुराच्या प्रकरणापासून वाचावे आणि मग मागे यावे. सरावाच्या वाचकांनी शेवटचे प्रकरण टाळू नये. होम असिस्टंटमध्ये बाहेरच्या प्रोग्रामला दिलेली दीर्घ मुदतीची प्रवेश-किल्ली दहा वर्षे चालते. जुना लॅपटॉप विकला, घर भाड्याने दिले, यंत्रणा बसवून देणारा मुलगा नोकरीसाठी पुण्यास गेला, तरी त्या मुदतीत ती किल्ली रद्द केल्यावाचून आपोआप मरत नाही. मुखत्यारपत्र रद्द करताना जशी रीतसर नोंद करतात, तशी कोणती किल्ली कोणाला, कोणत्या तारखेस आणि कशासाठी दिली याची नोंदवही ठेवण्याचा नमुना त्या प्रकरणाच्या अखेरीस दिला आहे. त्याच्या कोऱ्या प्रती काढून घेता याव्यात म्हणून ते पान मुद्दाम एकाच बाजूने छापले आहे.